कधीमधीच्या जड ओढीसाठी जुनी पिकअप : निवड आणि जबाबदारी

(एकलहरे येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात व्याख्याने होतात ती बहुधा शिक्षणावर, विवाहातील खर्चावर किंवा विद्यार्थी साहाय्यक निधीवर. ते विषय थोर आहेत आणि त्यांवर बोलण्यास माझ्याहून अधिकारी माणसे या व्यासपीठावर बसलेली आहेत. माझे आयुष्य यंत्रांच्या सहवासात गेले. यास्तव कार्यकारी मंडळाने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी विषय निवडला तोही यंत्राचाच. जुनी पिकअप गाडी विकत घ्यावयाची, आणि तीही वर्षातून चार-सहा वेळा जड ओझे ओढण्यासाठी, तर ती कशी पारखावी, हा तो विषय होय. ऐकताना तो गॅरेजमधला वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या कुटुंबांतून घर, लग्न आणि शेतजमीन यांच्या खालोखाल कशासाठी कर्ज काढले जात असेल तर ते अशा गाडीसाठी. हप्ते फिटेपर्यंत घरातील दागिने गहाण राहतात. असे असता गाडीची पारख हा केवळ गॅरेजवाल्याचा विषय कसा म्हणता येईल?

आपले एकलहरे हे ओढणाऱ्या यंत्रांचेच गाव आहे. औष्णिक विद्युत केंद्रासाठी येथे कोळशाच्या गाड्या येतात. प्रथम १४० मेगावॅटचे दोन संच आणि पुढे २१० मेगावॅटचे तीन संच येथे उभे राहिले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. सामनगाव, कोटमगाव, हिंगणवेढे, ओढा या बाजूच्या रस्त्यांवर कांद्याच्या आणि उसाच्या ट्रॉल्या, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, लग्नसराईत मांडववाल्यांचे जनरेटर आणि बांधकामावरची काँक्रीट मिक्सर यंत्रे सतत ओढली जात असतात. ट्रॅक्टर प्रत्येकाकडे नसतो. आणि असला तरी तो घेऊन नाशिक रोडपर्यंत जाणे वेळखाऊ असते. मग मनात येते की, एक जुनी पिकअप घ्यावी, रोजचा भाजीपाला व माल तिने वाहावा आणि प्रसंगी मागे ट्रॉलीही लावावी. विचार वावगा नाही. मात्र तो कोणत्या अटींवर योग्य ठरतो, हे आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगतो, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावर आधारलेले आहे. गाडी पाहण्यास गेलेला मनुष्य पहिला प्रश्न विचारतो, “ही किती ओढील?” त्याने विचारावयास हवे, “मागे ओझे असताना ही किती अंतरात थांबेल?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजच्या बहुतेक गाड्या समाधानकारक देतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या देतात.

हे नुसते मत नव्हे. त्यामागे साधे गणित आहे. आपण सर्वांनी मुंबईचा रेल्वेप्रवास केलेला आहे. कसाऱ्याहून इगतपुरीकडे थळ घाट चढताना गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात, त्यांना बँकर म्हणतात. त्या घाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर, असा आहे. एवढ्या चढावर प्रत्येक टन वजन सुमारे २७ किलो जोराने गाडीला मागे खेचते. डोळ्यांना जवळजवळ सपाट दिसणारा हा चढ, पण रेल्वेला त्यासाठी मागून इंजिने लावावी लागतात. रस्त्यावरचे घाट याहून पुष्कळ उभे असतात. विसास एक असा चढ धरला तर प्रत्येक टनामागे ५० किलोची ओढ पडते. शिवाय डांबरी रस्त्यावर चाके फिरवण्यासाठी टनामागे सुमारे १५ किलो जोर लागतो, तो वेगळा.

आता समजा, मालासह पिकअपचे वजन ३ टन आणि मागच्या ट्रॉलीचे २ टन, मिळून ५ टन. सपाट डांबरी रस्त्यावर या जोडीला ७५ किलोची ओढ पुरते. विसास एक या चढावर तीच ओढ ३२५ किलो, म्हणजे चौपटीहून अधिक होते. तरीही ताशी ३० किलोमीटर वेगाने हा चढ चढण्यास चाकांशी साधारण ३६ अश्वशक्ती पुरे होते. अडीच लिटरच्या कोणत्याही धडधाकट डिझेल पिकअपमध्ये याच्या दुपटीच्या आसपास शक्ती असते. सबब ओढण्याची चिंता आपण समजतो तितकी मोठी नाही. अपवाद फक्त लहान मालगाड्यांचा. टाटांची २००५ साली निघालेली एस ही गाडी आपल्याकडे ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाते. तिचे मूळचे इंजिन दोन सिलिंडरचे व सुमारे १६ अश्वशक्तीचे होते. नावात हत्ती असला तरी दोन टनांची ट्रॉली घाटात नेणे हे तिचे काम नव्हे.

आता थांबण्याचे गणित पाहू. आपल्याकडच्या शेतीच्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे ट्रॉलीचे २ टनही पिकअपच्याच चार चाकांनी थांबवावयाचे असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी ३ टनांची पिकअप चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण २८ मीटरमध्ये थांबते असे धरले, तर त्याच ब्रेकांवर ५ टनांची जोडी थांबण्यास सुमारे ४७ मीटर लागतील. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, त्यात आणखी १७ मीटर. एकूण ६४ मीटर. शाळेसमोर, बसथांब्यापाशी किंवा बाजाराच्या दिवशी गावातल्या चौकात ६४ मीटर मोकळा रस्ता कोणाला मिळणार आहे? त्यातून रस्ता ओला असला आणि चालकाने घाबरून ब्रेक दाबून धरला, तर मागची ट्रॉली पिकअपची पाठ ढकलते आणि जोडी मध्येच दुमडून आडवी होते. उतारावर आणखी एक संकट असते. सतत दाबल्याने ब्रेक तापतात आणि घाटाच्या शेवटच्या वळणावर लागेनासे होतात.

रेल्वेने हे फार पूर्वी ओळखले. थळ घाटात वर चढण्यासाठी मागे इंजिने लावली हे खरे, पण उतरणारी गाडी अनावर झाल्यास तिला पकडण्यासाठी बाजूला वळवणारे स्वतंत्र मार्गही बांधले. रस्त्यावर आपल्याला पकडणारा असा मार्ग नसतो. म्हणून माझा पहिला आग्रह असा की, ज्या कुटुंबाला एक टनाहून अधिक वजन ओढावयाचे आहे, त्याने पिकअप पाहण्याच्याही आधी स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरचा विचार करावा. गाडीवर चार पैसे कमी खर्च झाले तरी चालतील. ट्रेलरच्या ब्रेकवर मात्र कसर करू नये.

वजनाचा विषय निघाला आहे तर नोंदणीपत्र कसे वाचावे तेही सांगतो. आर.सी. पुस्तकात दोन आकडे असतात : गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की जे उरते तेवढाच भार, चालक आणि सोबती धरून, त्या गाडीवर घालता येतो. ट्रॉलीच्या हुकावर येणारे ओझे याच हिशेबात धरावे लागते, हे बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. आपल्या वाडवडिलांना मात्र ही गोष्ट चांगली ठाऊक होती. बैलगाडी मागे जड झाली की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जड झाली की सारे ओझे बैलांच्या मानेवर येते. म्हणून जाणता गाडीवान पोती भरताना धुरेवर किंचित भार ठेवी. ट्रेलरचेही तेच आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा अधिक भार हुकावर असावा. दीड टनाच्या ट्रेलरचे दीडशे किलो हुकावर आले म्हणजे तो सरळ चालतो. भार मागे गेला, गाडी उलाळ झाली, की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि पिकअपलाही हलवतो. उलटपक्षी हे दीडशे किलो पिकअपच्या पाट्यांवर पडतात, म्हणून हौद्यातील माल तेवढा कमी केला पाहिजे. त्याचबरोबर गाडीच्या निर्मात्याने ओढण्यासाठी काही मर्यादा घातलेली आहे काय, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. तेथे परवानगी नसेल तर गल्लीतल्या वेल्डरच्या शब्दावर हूक लावू नये.

गाडी कोणती घ्यावी, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला. पुढे जीप आणि तिच्यामागची लहान ट्रॉली ही जोडी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात परिचयाची झाली. आजची बोलेरो पिकअप त्याच घराण्यातील आहे. टाटांची ४०७ ही १९८६ साली आली, योद्धा ही पिकअप २०१७ साली आली, आणि इसुझूची डी-मॅक्स २०१६ पासून आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे तयार होऊ लागली. यांपैकी कोणा एकीची शिफारस करणे माझे काम नाही. मी केवळ तीन कसोट्या सांगतो. पहिली, जिची स्वतंत्र मजबूत चासी आहे आणि जिचे मागचे चाक ओढते, तीच गाडी घ्यावी. दुसरी, जिचे सुटे भाग आणि जिची नस जाणणारा मिस्त्री द्वारका, नाशिक रोड किंवा सिन्नर येथे मिळतो, ती घ्यावी. एखादी गाडी कितीही गुणी असली तरी तिच्या एका भागासाठी आठ दिवस खोळंबावे लागले तर हप्ता थांबत नाही. तिसरी, आपले ओझे वारंवार दोन टनांच्या पुढे जाणार असेल तर पिकअपचा हट्ट सोडून ४०७ च्या वर्गाकडे वळावे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण जशी पैशाला लागू आहे तशी वजनालाही आहे.

शेतातून ट्रॉली काढण्याचा बेत असेल तर आणखी एक विचार करावा. नांगरलेल्या किंवा भुसभुशीत जमिनीवर चाके फिरवण्यास टनामागे १०० किलो किंवा त्याहूनही अधिक जोर लागतो. ५ टनांना ५०० किलो. हौदा रिकामा असलेल्या पिकअपच्या मागच्या चाकांवर एवढे वजनच नसते की ती ओल्या काळ्या मातीत पकड घेतील. यंत्रात बळ असूनही चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी रुतते. ते काम ट्रॅक्टरचेच होय. ट्रॅक्टरने ट्रॉली डांबरी रस्त्यावर आणून द्यावी आणि पिकअपने ती पुढे न्यावी, ही वाटणी उत्तम.

आता प्रत्यक्ष पारखीकडे येऊ. जुनी गाडी पाहण्यास जावे ते सकाळी, आणि इंजिन थंड असेल असे आधी बजावून जावे. आपण पोहोचण्यापूर्वीच ज्याने गाडी गरम करून ठेवली आहे, त्याला काहीतरी झाकावयाचे आहे असे खुशाल समजावे. थंड इंजिन सुरू करताना किती वेळ लागतो ते पाहावे आणि मग धुराकडे लक्ष द्यावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा दाट धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, अथवा टर्बो किंवा इंजेक्टर यांत दोष आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही राहिला तर पाणी इंजिनात शिरत असण्याचा संभव आहे. इंजिन चालू असताना ऑइलची टोपी उघडून पाहावी. तेथून भकाभका वाफारा येत असेल तर पिस्टन-रिंगा झिजलेल्या आहेत.

यानंतर नवे कपडे नसतील तर बरे, कारण गाडीखाली आडवे व्हावयाचे आहे. रंग, सीटकव्हर आणि स्टिकर हे वरून कीर्तन असते. आतला तमाशा खालीच दिसतो. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर, विशेषतः पाट्यांच्या हँगरपाशी, तडे किंवा वेल्डिंगचे जोड आहेत काय ते बॅटरीच्या उजेडात पाहावे. मूळ पाट्यांवर जादा पाटे चढवलेले असतील तर त्या गाडीने सारे आयुष्य मर्यादेबाहेरचा माल वाहिला आहे, हे उघड होय. हूक आधीच लावलेला असेल तर तो मागच्या एका आडव्या पट्टीलाच वेल्ड केला आहे, की चासीच्या दोन्ही पट्ट्यांना नटबोल्टने पक्का केला आहे, हे पाहावे. पहिल्या प्रकारचा हूक असेल तर गाडीने काय काय ओढले असेल याची कल्पना करावी. डिफरन्शिअलच्या कवचावर ऑइलचा ओघळ, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधला खुळखुळा, रेडिएटरच्या जाळीला लावलेली ठिगळे, यांतील प्रत्येक गोष्ट ओढीच्या दिवशी रस्त्यावर उभे करणारी आहे.

टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत दिसली तरी जुना झालेला रबर ओझ्याखाली आणि उन्हात दगा देतो. मैलाचा काटा किती दाखवतो यावर विसंबू नये. क्लचच्या पेडलचे झिजलेले रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग काट्यापेक्षा खरे बोलतात.

क्लचची एक सोपी परीक्षा आहे. मोकळ्या जागेत हँडब्रेक पुरता ओढून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे. इंजिन चालूच राहिले तर क्लच प्लेट संपत आली आहे, आणि ओढीच्या कामात पहिला बळी तिचाच जातो.

शेवटची परीक्षा चढावर. रिकामी गाडी गावातल्या गावात फिरवून काहीही कळत नाही. विक्रेत्याच्या संमतीने, गाडीच्या मर्यादेत राहील एवढी पोती भरून तिला सिन्नरकडच्या मोहदरी घाटात न्यावे. चढताना तापमानाचा काटा वर सरकतो काय, गिअर आपोआप निसटतो काय, मागून डिफरन्शिअल घोंघावतो काय, हे पाहावे. उतरताना खालच्या गिअरमध्ये गाडी आपणहून वेग धरून राहते काय आणि ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढते काय, हे तितक्याच लक्षपूर्वक पाहावे. ज्याला गाडी खरोखर विकावयाची आहे तो या परीक्षेस नकार देत नाही. जो देतो त्याला नमस्कार करून परत यावे.

१ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस.-६ मानकाच्या गाड्या आल्या. त्यांतील बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ राहण्यासाठी गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर, तापलेल्या इंजिनाने चालावी लागते. जी गाडी दररोज दोन-तीन किलोमीटर जाऊन उभी राहते तिची गाळणी तुंबते आणि ती दुरुस्ती महाग पडते. कधीमधीच वापरण्यासाठी गाडी घेणाऱ्याने हा मुद्दा अवश्य ध्यानात घ्यावा.

बंधुभगिनींनो, यंत्राचा भाग येथे संपला; आता कागदाचा. माझ्या मते अधिक घरे कागदानेच बुडतात.

आपल्या कुटुंबांत गाडी वडिलांच्या नावावर असते, हप्ता थोरला भाऊ भरतो आणि चालवतो पुतण्या. प्रेमाच्या दृष्टीने हे भूषणावह आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र ज्याचे नाव नोंदणीपत्रात, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले. गाडी विकून हातोहात दिली होती, पुढे ती आणखी हातांत गेली, पण नोंदणी बदलली नव्हती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीपत्रात नाव असलेल्या मूळ मालकावर आली. म्हणून जो आपली जुनी गाडी विकतो आहे त्यानेही हे ऐकावे. पैसे हातात पडले म्हणजे व्यवहार पुरा झाला असे नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५० व्या कलमान्वये राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची खबर दिली पाहिजे. त्यासाठी २९ व ३० क्रमांकाचे नमुने आहेत. सही केलेले कोरे नमुने एजंटाच्या स्वाधीन करून स्वस्थ बसणे म्हणजे आपले नाव परक्याच्या हाती देणे होय.

घेणाऱ्याने पाहावयाच्या गोष्टी अशा. चासीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी नोंदणीपत्राशी ताडून पाहावा. बँकेचा बोजा उतरलेला आहे काय ते पाहावे; कर्ज फिटले असे तोंडी सांगणे पुरेसे नाही, ३५ क्रमांकाच्या नमुन्यावर बोजा कमी झाल्याची नोंद हवी. योग्यता प्रमाणपत्राची, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो त्याची, मुदत पाहावी. मालवाहू गाडीचे पासिंग ती आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावे लागते. तेव्हा नऊ वर्षांची गाडी घेणाऱ्याने दरसालचा तो खर्च आणि खोळंबा किमतीत धरावा. एकूण वजन ३,००० किलोंच्या पुढे असेल तर मालवाहतुकीचा परवानाही लागतो. थकलेली ई-चलने आहेत काय ते परिवहन विभागाच्या संगणकीय नोंदीत पाहता येते. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी हस्तांतरापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा.

ट्रेलरचे काय? कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी हवी आणि विमाही हवा. ट्रेलर जोडलेला असताना ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवर दिसला पाहिजे. लोहाराकडून दोन चाके व चार पत्रे जोडून आणलेली आणि कोठेही नोंद नसलेली ट्रॉली रस्त्यावर आली, आणि दुर्दैवाने कोणास इजा झाली, तर विमा कंपनी प्रथम तिच्याकडेच बोट दाखवील. मर्यादेहून अधिक भारास २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये दंड आहे आणि जादा प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये. शिवाय जादा माल तेथेच उतरवण्याचा खर्च वेगळा. एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल नेऊन जे वाचते ते अशा एका दिवसात निघून जाते.

बंद पडलेली गाडी दोराने टोचन करून आणण्याची आपल्याकडे चाल आहे. अडीअडचणीस ते करावे लागते, पण दोन गाड्यांमधील अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नसावे, आणि मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक चालक बसलेला असावा. घरातल्या लहान मुलाला तेथे बसवणे हा त्याच्या जिवाशी खेळ आहे.

चालकाविषयी एक शुभवार्ताही आहे. साध्या हलक्या मोटारीचा परवाना असलेल्यास ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते काय, याविषयी वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ते मान्य केले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तेच कायम केले. आपल्या अनेक तरुणांना याने दिलासा मिळाला. पण परवाना हाती असणे आणि मागे दोन टन घेऊन घाट उतरता येणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्याला ट्रेलरसह गाडी मागे घेता येत नाही, त्याने ती गर्दीत पुढेही नेऊ नये. मोकळ्या मैदानात चार दिवस सराव करावा, आणि तो वडीलधाऱ्या चालकाच्या देखरेखीखाली करावा.

अखेरीस हिशेबाचा एक प्रश्न प्रत्येकाने घरी जाऊन स्वतःस विचारावा. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी खरोखर जड ओझे किती दिवस ओढावयाचे आहे? त्या दिवसांची यादी कागदावर लिहावी. यादी चार दिवसांची निघाली तर त्या चार दिवसांपुरता ट्रॅक्टर किंवा मोठी मालमोटार भाड्याने आणावी, आणि पिकअप घ्यावी ती उरलेल्या दिवसांच्या कामास पुरेल एवढीच. यादी चाळीस दिवसांची निघाली तर ते काम कधीमधीचे राहिले नाही. मग त्यास योग्य अशी मोठी गाडीच घेतली पाहिजे. या दोहोंच्या मध्ये ज्यांचे काम आहे, त्यांनाच ब्रेक असलेल्या ट्रेलरसह चांगली पिकअप खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. नुकसान बहुधा त्यांचे होते, जे चार दिवसांसाठी चाळीस दिवसांचे कर्ज काढतात, किंवा चाळीस दिवसांचे काम चार दिवसांच्या गाडीकडून करून घेतात.

माझ्या भगिनींना एक विशेष विनंती आहे. गाडीच्या कर्जासाठी आपली सही किंवा आपले दागिने मागितले जातील, तेव्हा तीन कागद पाहिल्याशिवाय होकार देऊ नका : नोंदणीपत्र, पासिंगचे प्रमाणपत्र आणि विमापत्र. त्यांवरील नावे आणि तारखा वाचण्यास यंत्रशास्त्र लागत नाही. घरातील पुरुष इंजिनाच्या आवाजावर भाळतात. कागदाची तारीख आपण पाहिलीत तर घर वाचेल.

आणि कार्यकारी मंडळास एक सूचना. आपल्या समाजात गॅरेजमध्ये, कारखान्यांत आणि विद्युत केंद्रात काम केलेले जाणते लोक थोडेथोडके नाहीत, आर.टी.ओ. च्या कामाची माहिती असलेलेही आहेत. ज्याप्रमाणे आपण विवाहेच्छूंची सूची ठेवतो, त्याप्रमाणे अशा पाच-सात जाणत्यांची सूची मंडळाने ठेवावी, आणि ज्ञातिबांधव जुनी गाडी पाहण्यास निघाला की त्यांपैकी एकाने विनामूल्य त्याच्यासोबत जावे. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे. यासाठी निधी लागणार नाही, इमारत लागणार नाही. पण एखाद्या तरुणाचे पाच वर्षांचे हप्ते किंवा एखाद्या अनोळखी पादचाऱ्याचा प्राण त्यामुळे वाचू शकेल. त्या सूचीत माझे नाव पहिले लिहावे, अशी माझी प्रार्थना आहे.